पॉइंट टू-टूचं मॅगझिन हलतं, राउंड चढत नाही: पक्कड हातात घेण्याआधी हे तपासा

पॉइंट टू-टू (.२२) रायफलीचा बोल्ट, म्हणजे राउंड आत ढकलणारा दांडा, पुढे नेला, ट्रिगर दाबला आणि नुसताच 'टक' आवाज आला. बोल्ट मागे घेऊन बघावं, तर राउंड (काडतूस) मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, होता तिथेच. कधी राउंड निघतो, पण त्याचं शिशाचं टोक चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेच्या) खालच्या कडेवर आपटून चेपतं आणि बोल्ट अर्ध्यावर अडतो. त्यातही वैताग असा, की हे दर राउंडला होत नाही. दोन बिनबोभाट जातात, तिसरा अडतो, चौथा पुन्हा नीट. मॅगझिन हाताने हलवून पाहिलं तर खुळखुळतं.

पुण्यात हा प्रश्न मला सगळ्यात जास्त पावसाळा सरताना विचारला जातो आणि विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तोवर पकडीने मॅगझिनचे लिप्स, म्हणजे राउंड धरून ठेवणाऱ्या तोंडाच्या कडा, वाकवलेले असतात. ते करू नका, एवढं कळकळीने सांगण्यासाठीच हे लिहितोय. बहुतेक वेळा दोष लिप्सचा नसतो. मॅगझिन रायफलीत किती उंचीवर बसतंय, त्याचा असतो. लिप्स एकदा बिघडले की मूळ दोष जागेवर राहतो आणि वर दुसरा पदरात पडतो.

आधी कोणत्या रायफलींबद्दल बोलतोय ते सांगतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, त्या प्रकाराच्या मॅच रायफलीत प्रत्येक राउंड हाताने भरतात. नियमच तसा आहे. बालेवाडीच्या रेंजवर अशी रायफल वापरणाऱ्यांना हा त्रास होणारच नाही. हा त्रास आहे तो क्लबच्या मॅगझिनवाल्या स्पोर्टर रायफलींचा, कॉलेजात एनसीसीची मुलं वापरतात त्या रायफलींचा आणि घरात आजोबांच्या परवान्यावरून पुढे आलेल्या जुन्या ब्रनोसारख्या रायफलींचा. या शेवटच्या प्रकारात प्रश्न जास्त नाजूक असतो. ऐंशीच्या दशकापासून आयातीवर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे जादा मॅगझिन सहजासहजी मिळत नाही. आहे तेच जपायचं असतं.

हात लावण्याआधी

मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीचं टोक घालूनही खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. घरी जी काही तपासणी कराल ती डमी, म्हणजे बारूद नसलेल्या नकली, राउंडवरच. खरा राउंड फक्त रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून, रेंज ऑफिसरला सांगून.

पॉइंट टू-टू हे रिमफायर काडतूस आहे. मोठ्या काडतुसासारखी मधोमध वेगळी टोपी त्याला नसते. पेट घेणारा मसाला रिमच्या, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या, आत सगळीकडे पसरलेला असतो. म्हणून अडकलेला खरा राउंड स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा नाही आणि नळीच्या तोंडातून सळई घालून ठोकायचा तर नाहीच. रिमवर कुठेही टोला बसला तरी तो उडू शकतो आणि बोल्ट बंद नसताना उडाला तर पितळेचे तुकडे थेट तोंडावर येतात. मॅगझिन काढा, बोल्ट हळूच मागे घ्या, राउंड खाली पडू द्या. पडत नसेल तर नळी टार्गेटकडेच ठेवून रेंज ऑफिसरला हाक मारा. ट्रिगर दाबल्यावर बार झालाच नाही, तर लगेच बोल्ट उघडायचा नाही. नळी तशीच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं.

उंचीचं गणित

.२२ लाँग रायफल राउंडची लांबी २५.४ मिलिमीटर, केसचा व्यास सुमारे ५.७ आणि रिमचा सुमारे ७.१ मिलिमीटर. म्हणजे रिम केसच्या बाहेर चहूबाजूंनी पाऊण मिलिमीटरसुद्धा डोकावत नाही. बोल्ट पुढे येताना त्याच्या तोंडाची खालची कड वरच्या राउंडच्या रिमला मागून ढकलते. पकड मिळते ती एवढ्याशाच पट्टीची. मॅगझिन अर्धा मिलिमीटर खाली बसलं, तर बोल्ट रिमच्या डोक्यावरून निघून जातो किंवा कडेला जेमतेम धरून राउंड तिरका ढकलतो. मोठ्या बोअरच्या रायफलीला हा फरक जाणवतही नाही. पॉइंट टू-टूला तो पुरेसा असतो.

म्हणून पहिली चाचणी बोटाची. डमी भरलेलं मॅगझिन लावा. डाव्या हाताच्या बोटाने मॅगझिनचा तळ वर दाबून धरा आणि बोल्ट नेहमीच्या वेगाने चालवा. सगळे डमी निमूटपणे चढले? आता बोट काढून पुन्हा चालवा. अडले? मग उत्तर मिळालं: मॅगझिन खाली बसतंय. दाबूनही अडत असतील, तर मॅगझिनच्या आत किंवा चेंबरकडे बघायचं. मॅगझिन पुढे ढकलून, मग मागे ओढून हीच चाचणी परत करा. दाबल्याने फरक पडतो की पुढे-मागे केल्याने, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या दुरुस्तीची दिशा त्यावरून ठरते.

दुसरं मॅगझिन हाताशी असेल तर तेही लावून बघा. क्लबमध्ये तशाच रायफलीचं उसनं मिळतं. एकच मॅगझिन अडत असेल तर दोष त्या मॅगझिनचा, सगळीच अडत असतील तर रायफलीचा. मॅगझिनांच्या तळावर पर्मनंट मार्करने आकडे टाकून ठेवले की रेंजवर 'कुठलं अडलं होतं रे?' हा घोळ राहत नाही.

अडलेला डमी फेकू नका. टॉर्चखाली त्याच्या टोकावरचे ओरखडे बघा. टोकाच्या खालच्या अंगाला चेपलेलं असेल तर नाक खाली जातंय: मॅगझिनची पुढची बाजू खाली झुकली आहे किंवा फॉलोअरची (राउंडना खालून वर ढकलणाऱ्या पट्टीची) स्प्रिंग दमली आहे. वरच्या अंगाला खूण असेल, तर मागचे लिप्स फाकलेत आणि राउंड वेळेआधी सुटून वर उसळतोय. फक्त डाव्या किंवा उजव्या बाजूने साल निघाल्यासारखं दिसत असेल, तर मॅगझिन तिरकं उभं आहे. धातूच्या डमीवर ही खूण पुसट उमटते. काळ्या मार्करने टोक रंगवून घ्या, म्हणजे घासलं तिथला रंग गेलेला स्पष्ट दिसतो.

मॅगझिन हलतं म्हणजे नेमकं काय

थोडं हलणं हा दोष नाही. घाईत घालता-काढता यावं म्हणून थोडी मोकळीक ठेवावीच लागते. डावी-उजवीकडची हालचाल बहुधा निरुपद्रवी असते. पुढे-मागे होणारी त्रास देऊ शकते. वर-खाली होणारी मात्र जवळपास नक्कीच देते.

मॅगझिन वर दाबून धरा. कॅच (मॅगझिनला जागेवर धरणारी खिटी) आणि मॅगझिनची ज्यावर ती टेकते ती खाच किंवा पायरी, यांच्यात फट पडते का बघा. दुचाकीचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला जी फीलर गेज वापरतात, ती इथे फार उपयोगी पडते. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळते. एकेक पाती घालून बघा. ०.१ किंवा ०.१५ मिलिमीटरची पाती जेमतेम जात असेल, तर माझ्या मते तिकडे लक्ष देऊ नका. अर्ध्या मिलिमीटरची आरामात जात असेल तर दोष सापडला.

फट का पडली, हे मात्र शोधलं पाहिजे. कॅचच्या नाकाची कड झिजून गोल झालेली असते. तिच्यामागची स्प्रिंग ढिली पडलेली असते, किंवा ढिली नसून तेल, धूळ आणि मेण यांचा चिकटा साचल्याने कॅच पूर्ण बाहेरच येत नसते. हा शेवटचा प्रकार मला फार वेळा दिसतो आणि तो फुकटात सुटतो: जुना टूथब्रश, थोडं रॉकेल किंवा पेट्रोलियम स्पिरिट, मग कोरडं फडकं. कॅच दाबून सोडल्यावर ती चटकन आणि पूर्ण बाहेर आली पाहिजे.

झीज होण्याचं एक कारण आपल्या सवयीत असतं. प्रोन पोझिशनमध्ये (पालथं झोपून) वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवताना अनेक जण मॅगझिनच पिशवीवर टेकवतात. रायफलीचं सगळं वजन आणि प्रत्येक बाराचा धक्का कॅचवर आणि खाचेवर येतो. मॅगझिनचा पत्राही हळूहळू फुगतो. पिशवी पुढे, स्टॉकच्या लाकडाखाली घ्या. नव्या मुलांना पहिल्या दिवशीच हे सांगायला हवं.

लाकूड आणि पावसाळा

पुण्याच्या हवेचा यात थेट हात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट, मार्च-एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेत फुगतं आणि सुकलं की आकसतं. लाकडी स्टॉकमध्ये रायफलीची ॲक्शन (बोल्ट बसलेला धातूचा भाग) दोन-तीन स्क्रूंनी आवळलेली असते. काही रायफलींत मॅगझिनचं घर ॲक्शनला बसवलेलं असतं, काहींत ते ट्रिगर गार्डच्या पट्टीबरोबर खालून स्टॉकला आवळलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात स्टॉकची जाडी बदलली की मॅगझिन आणि बोल्ट यांच्यातलं अंतरही बदलतं.

मुळशीकडचे एक काका त्यांची जुनी स्पोर्टर घेऊन आले होते. "सर, मॅगझिन तळहाताने वर दाबून धरलं की चालते, सोडलं की अडते," म्हणाले. कॅच स्वच्छ, खाच शाबूत, मॅगझिनमध्ये काही वावगं नाही. मग खालचा पुढचा स्क्रू बघितला तर तो ड्रायव्हर टेकवताच फिरला. लाकूड आकसलं होतं आणि स्क्रूच्या बुडाशी काळपट, चेपलेली कडी दिसत होती. तिथलं लाकूड वर्षानुवर्षं दबत गेलेलं. ट्रिगर गार्डची पट्टी त्यामुळे खाली लोंबत होती आणि तिच्याबरोबर मॅगझिनही. स्क्रू नीट आवळल्यावर सगळे डमी चढले. काकांना एवढंच बजावलं, की आता वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, हे स्क्रू तपासायचे.

आवळतानाही पद्धत आहे. रायफल रिकामी, नळी वर, दस्त्याचा तळ जमिनीवर टेकवलेला. ॲक्शन आपल्या जागी पूर्ण बसू द्या. सगळे स्क्रू आधी बोटाने टेकेपर्यंत, मग आळीपाळीने थोडे थोडे. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळायचं नाही. किती आवळायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असेल तर तेवढंच. जुन्या लाकडावर ताकद लावली तर लाकूड आणखी चेपतं. स्क्रूच्या खाचेत चपखल बसणारा ड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच फाटते.

पावसाळ्यात याच्या उलटही होतं. मॅगझिन ज्या खिडकीतून आत जातं, तिथलं लाकूड फुगून मॅगझिनला आवळतं आणि ते वरपर्यंत जातच नाही. खिडकीच्या आतल्या भिंतीवर चकचकीत घासलेले पट्टे दिसले की ओळखा. पॉलिश पेपर घेऊन लगेच लाकूड घासायला बसू नका. तेच लाकूड मार्चमध्ये आकसलं की मॅगझिन खडखडायला लागेल. आधी रायफल काही दिवस कोरड्या जागी ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि कापडी किंवा फोमच्या कव्हरमध्ये रायफल ठेवणं बंद करा. ते कव्हर पावसाळ्यात ओलावा धरून ठेवतं.

टेप आणि शिम

स्क्रू पक्के आहेत, कॅच स्वच्छ आहे, तरी मॅगझिन खालीच बसतंय, म्हणजे झीज झाली आहे. नवी कॅच किंवा तिची स्प्रिंग मिळत असेल तर तीच बदला. मिळत नसेल तर शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी.

आधी टेपने खात्री करा. साध्या पारदर्शक टेपचा एक थर साधारण ०.०५ मिलिमीटरचा असतो. मॅगझिनची जी पायरी कॅचवर टेकते, तिच्यावर एक थर लावा, बोटाची चाचणी परत करा, गरज पडली तर आणखी एक. पुढे-मागे हलत असेल तर मॅगझिनच्या मागच्या किंवा पुढच्या भिंतीवर. डमी चढायला लागले की थांबा. जास्त उंच केलंत तर बोल्ट लिप्सवर घासायला लागतो. रिकामं मॅगझिन लावून बोल्ट चालवा, खरखर लागली किंवा लिप्सवर नवा चकाकता ओरखडा आला तर एक थर काढा.

टेप ही कायमची दुरुस्ती नाही. उन्हात तिचा गोंद सुटतो आणि सरकलेली टेप मॅगझिनच्या घरात अडकते. जाडी कळली की तेवढ्याच जाडीची पितळी शिम पट्टी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत शोधा. मॅगझिनचा तो भाग स्पिरिटने पुसून, बारीक पेपरने हलकेच खरवडून, ॲराल्डाइटने पट्टी चिकटवा आणि रात्रभर दाबून ठेवा. कडा बोटाला लागणार नाहीत अशा घासून घ्या. नंतर कॅच दाबल्यावर मॅगझिन विनासायास बाहेर आलं पाहिजे. ओढून काढावं लागत असेल तर ती दुरुस्ती फसली. हे सगळं मॅगझिनवर करायचं, रायफलीच्या अंगावर नाही. मॅगझिन बदलता येतं.

मॅगझिनच्या आत

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंगचं कुठलं टोक वर होतं आणि कुठल्या बाजूला, हे नंतर आठवत नाही आणि उलटी बसवलेली स्प्रिंग फॉलोअरला पुढे झुकवते. मग नाक खाली जाणारच. आतला काळा चिकटा म्हणजे राउंडवरचं मेण, जळलेल्या बारुदीची काजळी आणि धूळ. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या राउंडचं मेण मऊ होतं आणि त्याला धूळ चिकटते. तीच मॅगझिनमध्ये जाते. सगळं धुऊन पूर्ण कोरडं करा. आत तेल घालू नका. गंजाची भीती वाटत असेल तर तेलाचं बोट पुसलेल्या फडक्याने पत्र्यावरून एकदा फिरवा, बस.

स्प्रिंग ओढून लांब करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थोडे दिवस चालतं, मग ती आधीपेक्षा जास्त बसते. नवी मिळेपर्यंतची सोय म्हणून ठीक.

भरण्याची पद्धतही बघा. रिम असलेलं काडतूस असल्याने वरच्या राउंडची रिम खालच्या राउंडच्या रिमच्या पुढे असावी लागते. मागे राहिली तर वरचा राउंड पुढे जाताना खालच्याला अडकतो आणि बोल्ट जागीच थबकतो. प्रत्येक राउंड भरताना मागे नीट सरकवा आणि भरून झाल्यावर मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकेच टेकवा. नेमका दुसरा किंवा तिसराच राउंड अडत असेल, तर आधी हेच तपासावं.

लिप्सकडे आता या. चांगल्या मॅगझिनच्या लिप्समधलं अंतर व्हर्नियरने पुढे, मध्ये आणि मागे मोजा आणि अडणाऱ्याशी ताडून बघा. फरक दिसला तरच आणि पत्र्याचं मॅगझिन असेल तरच, अनुभवी माणसाकडून किंचित सुधारून घ्या. प्लास्टिकचे लिप्स वाकत नाहीत, तडकतात. तडा गेलेलं मॅगझिन रेंजवर नेऊ नका.

मॅगझिन निर्दोष निघालं तर

दोन गोष्टी उरतात. पहिली, बोल्ट अर्धवट मागे घेणं. घाईत मुलं बोल्ट पूर्ण मागे नेत नाहीत. तो पुढच्या राउंडच्या रिमच्या मागे पोचतच नाही. मागे थांबेपर्यंत ओढायचा, मगच पुढे.

दुसरी, चेंबरची कड. राउंड न चढता ट्रिगर दाबला गेला की रायफल रिकामीच फायर होते. काही रायफलींत फायरिंग पिन मग थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे बारीक उंचवटा उठतो. म्हणजे न चढणारे राउंडच पुढचा दोष तयार करत असतात. टॉर्च मारून कडेवर पिनच्या आकाराचा खळगा दिसतो का बघा. राउंड शेवटच्या मिलिमीटरला घट्ट जात असेल तर शंका पक्की. नुसती काजळीची कडी असेल तर ब्रशने आणि सॉल्व्हंटने निघते.

उंचवटा असेल तर कानस लावू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीची दुरुस्तीही परवान्याच्या कक्षेत येते, त्यामुळे नळी, चेंबर, बोल्ट, रिसीव्हर यांवरचं काम परवानाधारक गनस्मिथकडेच. रायफल क्लबची किंवा एनसीसीची असेल तर ती त्यांच्या शस्त्रागारात कळवायची, स्वतः उघडायची नाही. गनस्मिथकडे जाताना मूळ परवाना सोबत ठेवा आणि रायफलीबरोबर अडणारं मॅगझिन, न अडणारं मॅगझिन, ओरखडे उठलेले डमी आणि तुमची वही असं सगळं द्या. 'जॅम होते' एवढंच सांगितलं तर तो पुन्हा पहिल्यापासून शोधत बसतो. 'दुसऱ्या मॅगझिनवरही अडते, वर दाबून फरक पडत नाही, टोकाच्या खाली खूण येते' असं सांगितलं, तर तो थेट चेंबरकडेच बघेल.